पथारीवर वाळवलेला तंबू

नंदुरबार
ता. १८ जानेवारी १९६४

रेवजीभाऊ यास धुडकूचा राम राम.

तुझे पत्र येऊन महिना होऊन गेला आणि उत्तर आज लिहितो आहे, याबद्दल मनात काही आणू नकोस. रोज लिहायला बसायचो आणि रोज तंबू आडवा यायचा. माझे शिक्षण तिसरीपर्यंतचे, एक कार्ड लिहायला मला अर्धा दिवस लागतो, हे तुला माहीत आहे. त्यात मनाला काळजी असली म्हणजे अक्षर ओळीवर राहत नाही.

तू विचारले होतेस, तुळशीवहिनीला डोळ्याच्या ऑपरेशनला आणू का. आण. पुढचे शिबिर तोरणमाळच्या पायथ्याशी नाल्याकाठच्या माळावर आहे, २२ फेब्रुवारीला, शनिवारी. तुमच्या पाड्यावरून एका दिवसाची उतरण आहे. उजवा डोळा बांबूच्या काडीने गेला त्याला बारा वर्षे झाली, आता डाव्यात मोतीबिंदू. उरलेल्या एका डोळ्याला सुरी लावायची म्हणजे कोणाचाही जीव थरथरेल. पण आपले डॉक्टर हाताचे हलके आहेत.

वहिनी म्हणते ना, दवाखान्याच्या छपराखाली जाणार नाही, बसले तर धुडकूदादाच्या तंबूत बसेन. मोजणी खात्याच्या दिवसांत तू साखळी ओढायचास आणि मी तंबू ठोकायचो. त्या वावटळीत साहेबाचासुद्धा तंबू उडाला, आणि माझा उभा राहिला, आणि त्यात तुमची थोरली जन्मली. ते वहिनी विसरलेली नाही याचे मला बरे वाटते आणि भीतीही वाटते.

आता शिबिराच्या या तंबूचे सांगतो, जो मी सांभाळतो. हा आपल्या जुन्या राहुटीसारखा नाही. जीपच्या मागे दोन चाकांची ट्रेलर गाडी असते. ती उघडली की दोन्ही बाजूंच्या फळ्या पलंगासारख्या बाहेर येतात, मधे लोखंडी कमानी उभ्या राहतात, आणि कमानींवर कापड चढते. त्याच्या आत ऑपरेशन, आणि नंतर आठवडाभर पेशंट त्याच्याच आडोशाला. पाच तारखेला ब्राह्मणपुरीला शिबिर उठत होते तेव्हा मावठे पडले. असे पडले की ओले कापड तसेच गुंडाळून ट्रेलरमध्ये कोंबावे लागले. डॉक्टर मला म्हणाले, "धुडकू, ओल राहिली तर बुरशी धरेल. बुरशीखाली मी डोळा उघडणार नाही. हाडासारखा कोरडा करून दे."

तेव्हापासून माझ्या तोंडची चव गेली. कापड उघडले तर कुबट वास. गल्लीत पसरायला जागा नाही, शेजारच्या शेळ्या दोऱ्या चघळतात, आणि आभाळ रोज भरून येते. शेवटी माझी अनुसया जिथे मिरचीची देठे खुडायला जाते त्या पथारीच्या, म्हणजे मिरची वाळवायच्या माळाच्या, मुनीमाला विचारले. मावठ्याच्या भीतीने त्यांनी मिरचीचे ढीग करून वर ताडपत्री टाकली होती, अर्धी पथारी रिकामी. तशी तापणारी जमीन सगळ्या गावात नाही. मी स्वतः दोनदा झाडली. चार दिवस कापड वाळवले. दर तीन तासांनी उलटवले, दोऱ्या बाभळीच्या कुंपणावर ताणल्या, कमानींचा गंज काढून अळशीचे तेल लावले. शेवटी प्रत्येक शिवण गालाला लावून पाहिली. आपले जुने उस्ताद सांगायचे तसे, गार लागली तर ओल आहे, गरम लागली तर कोरडी. सगळ्या शिवणी गरम लागल्या. चांगल्या गरम.

काल डोंगरसिंग ड्रायव्हर ट्रेलर जोडून घेऊन गेला. घडी चढवताना त्याला एकसारख्या शिंका. म्हणतो, "काका, तंबूमा काय भरी दिधं? नाक चुरचुरी ऱ्हायनं." मी म्हटले, "मावठामा उघडा फिरस, मंग सर्दी नही व्हणार ते काय व्हई?" अनुसया हसली. पोरगा अंगाला जपत नाही.

तेव्हा निश्चिंत होऊन वहिनीला आण. माझा शब्द.

तुझा
धुडकू

---

पाडा, तोरणमाळकडचा
ता. २७ जानेवारी १९६४

धुडकूदादाला रेवजीचा राम राम. हे पत्र शाळेचे आमशा गुरुजी लिहितात. मी बोलतो तसेच लिहा असे मी त्यांना सांगितले आहे, म्हणून तुला 'तू' लिहिले आहे. रागावू नको.

तुझे पत्र आले त्याची गंमत सांगतो. गुरुजींनी ते उघडून झटकले आणि त्यांना असा ठसका लागला की दोन तांबे पाणी प्यायले तरी थांबेना. डोळे लाल. पोरे वर्गातून बघायला आली. तुळशी भिंतीला टेकून बसली होती, ती म्हणाली, "दादाने कागदात मिरची पुरचुंडी करून धाडली का? भाकरीबरोबर खायला?" मी कागद हुंगला तर मलाही शिंक. मग आम्ही पत्र अंगणात दोरीवर टांगले आणि दुसऱ्या दिवशी वाचले. तुमच्या नंदुरबारला काय हवा खाऊन जगता रे तुम्ही?

तुळशी यायला तयार आहे. आता तिला माझा चेहरा दिसत नाही, नुसता हलतो तेवढे कळते. परवा चुलीवरून भाकरी काढताना बोटे भाजली, तरी मला म्हणाली की भाजली नाहीत. सून तिला कामाला हात लावू देत नाही, याचे तिला भाजण्यापेक्षा जास्त लागते. तंबूत कोणकोण असेल, डोके धुऊन यायचे का, कोंबडे आणायचे का, असे रोज विचारते. डॉक्टर कोंबडे घेत नसतील तर तू घे.

सगळे तुझ्या शब्दावर आहे. आम्ही २१ तारखेला उतरू.

रेवजी
(लिहिणार: आमशा गुरुजी)

---

नंदुरबार
ता. २ फेब्रुवारी १९६४

रेवजीभाऊ,

तुझे पत्र वाचून मी तसाच ओट्यावर बसून राहिलो. कशासाठी बसलो ते अनुसयाला कळेना. मी तिला विचारले, "आपला घरमा मिरचीना वास येस का?" ती म्हणाली, "आठे मिरची नही ते काय गुलाब ऱ्हाई?" मग मी विचारले, "तुले येस का?" ती म्हणाली, "कईनाच नही येत. लगीन व्हयनं तवय येत व्हता."

रेवजी, आमच्या घरात मिरची नाही अशी वस्तू नाही. तिच्या लुगड्यात, गोधडीत, पाण्याच्या माठावर, माझ्या पागोट्यात. तो कागद मी गोधडीवर ठेवून लिहिला होता, एवढ्यावर गुरुजींचा जीव घाबरा झाला. मग जे कापड ओले असताना चार दिवस पथारीवर पालथे पडले होते, त्यात काय असेल? त्या जमिनीत वर्षानुवर्षांची मिरची मुरलेली आहे. वरवर झाडून काय निघणार? आणि शिवणी गालाला गरम लागल्या. मला वाटले कोरड्या आहेत म्हणून गरम. ती मिरची होती रे. अडतीस वर्षे तंबू सांभाळले, आणि मला उन्हाची ऊब आणि मिरचीची आग यातला फरक कळला नाही.

हवेने कापड हलले की धूळ झडणार. खाली माणूस उताणा, डोळा उघडा.

म्हणून सांगतो, वहिनीला आणू नकोस. काहीही सांग, ताप आला म्हण, पायात काटा गेला म्हण. पुढच्या साली आण. आणि हे कारण कोणाजवळ बोलू नकोस, गुरुजींनाही विनंती कर. डॉक्टरांचा माझ्यावर विश्वास आहे. या वयात मला दुसरे काम नाही, आणि कामाचे राहू दे, पण माणसे म्हणतील की धुडकूने डोळ्याच्या तंबूला मिरची लावली. नातवंडांपर्यंत हे नाव जाईल. कदाचित इतके वाईट नसेलही. प्रवासात हवा लागून धूळ उडून गेली असेल. डोंगरसिंग ट्रेलर उघडी ठेवतो कधी कधी. मी सारखा हाच विचार करतो.

तू मात्र तिला आणू नकोस.

धुडकू

---

पाडा
ता. ९ फेब्रुवारी १९६४

धुडकूदादा,

तुझे पत्र गुरुजींनी मला एकट्याला बाहेर नेऊन वाचून दाखवले. मी तुळशीला सांगणार नव्हतो. पायात काटा गेला म्हणून मी लंगडत घरात आलो. ती म्हणाली, "तू डाव्या पायाने लंगडतोस आणि हात उजव्या गुडघ्यावर ठेवतोस. मला तेवढे दिसते. काय लिहिले आहे ते सांग." मग सांगितले.

ती जे बोलली ते गुरुजींना तसेच लिहायला सांगतो.

"दादाला म्हणावं, मला येऊ नको म्हणालास, ते माझ्या मायेपोटी. पण त्या तंबूत अजून तेरा माणसं निजणार असं ऐकलं आहे. त्यांना पत्र लिहिलंस का? त्यांचे डोळे काय उसने आणलेत?"

मी म्हटले, दादा घाबरला आहे. ती म्हणाली, "घाबरू दे. मीही घाबरले आहे. मी येणार आणि त्याच तंबूत पहिली मी बसणार. दादाने आधी सांगितलं तर सगळ्यांचे वाचतील, त्यात माझाही वाचेल. नाही सांगितलं तर सगळ्यांबरोबर माझाही जाईल. तेराजणांना पुढे ढकलून मी घरी बसले, तर उरलेल्या डोळ्याने मी कोणाचं तोंड बघू?"

दादा, मी तिला अडवू शकत नाही. चाळीस वर्षांत अडवता आले नाही. मी तुझ्यापुढे हात जोडतो. तिला एकच डोळा आहे.

रेवजी

ता. क. मी आमशा गुरुजी, हे माझ्या तर्फे लिहितो. डॉक्टरांना परस्पर कळवावे असे माझ्या मनात होते आणि अजूनही आहे. तुळशीबाईंनी माझ्या ओंजळीत मूठभर ज्वारी ठेवून वचन घेतले की २० तारखेपर्यंत थांबायचे, कारण सांगणे हे काम धुडकूदादांचे आहे, ते दुसऱ्याने केले तर दादा पुन्हा कोणत्याही तंबूखाली मान वर करून उभे राहणार नाहीत. २० तारखेला तुमच्याकडून काही कळले नाही, तर मी स्वतः उतरेन.

---

नंदुरबार
ता. १४ फेब्रुवारी १९६४
(कार्ड)

रेवजी,

पत्र पोचले. काल मोटार स्टँडवर गेलो आणि परत आलो. आज सकाळी पुन्हा गेलो आणि शहाद्याची गाडी डोळ्यांदेखत सुटू दिली. अनुसयाने काही विचारले नाही, फक्त दशम्या बांधून दाराशी ठेवल्या आहेत. उद्या निघतो. वहिनीला सांग, निघतो म्हणाला. पोचलो असे मी पोचल्यावरच म्हणेन.

धुडकू

---

शिबिर, तोरणमाळ पायथा
ता. २६ फेब्रुवारी १९६४

धुडकूदादा,

हे पत्र सिस्टर सरलाबाई लिहून देतात. त्यांना काम फार आहे म्हणून थोडक्यात.

तुझे 'निघतो' असे कार्ड आले म्हणून गुरुजी उतरले नाहीत. आम्ही २१ तारखेला उतरलो. शिबिर दोन दिवस पुढे गेले होते. कोणी म्हणे औषध आले नाही, कोणी म्हणे तंबू धुतला. ऑपरेशन सोमवारी, २४ ला झाले. तुळशी पहिली गेली, तिने तसे सांगूनच ठेवले होते. आता तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही. आठवड्याने पट्टी सुटेल.

मी तुला सगळीकडे शोधले. डोंगरसिंग म्हणाला, "काका मोहाच्या झाडाखाली व्हतात, मंग ग्यात." आलेला माणूस न भेटता का जातो? तू डॉक्टरांना सांगितलेस की नाही, हे मला कोणी सांगत नाही. डॉक्टरांचा हुकूम आहे, पट्टी सुटेपर्यंत तंबूबद्दल पेशंटजवळ एक शब्द बोलायचा नाही. सरलाबाईंना विचारले तर त्या म्हणतात, "हे पत्रात लिहू का, की तुम्ही मला काम करू देत नाही?" तुळशी दिवसातून दहा वेळा विचारते, दादा दिसला का. मी काय सांगू?

आणि दादा, काल तिच्या पट्टीखाली चुरचुरले. सरलाबाई म्हणतात, सगळ्यांनाच चुरचुरते. पण बाकी कोणी तसे म्हटलेले मी ऐकले नाही.

रेवजी

---

नंदुरबार
ता. १ मार्च १९६४

रेवजीभाऊ,

हे पत्र वहिनीजवळ उघडू नकोस. लांब जाऊन, वाऱ्याकडे पाठ करून उघड. मी ते घरात लिहिलेले नाही. पोस्टाच्या ओट्यावर बसलो आहे, कागद आत्ता विकत घेतला, हात मातीने तीनदा धुतले. तरी माझा आता कशावर भरवसा नाही.

मी का भेटलो नाही ते सांगतो.

मी १६ ला पोचलो. ट्रेलर मिटलेली उभी होती. डॉक्टर फुलीबाईच्या चुलीपाशी चहा पीत होते. फुलीबाई म्हणजे पायथ्याच्या पाड्यातली, शिबिराचा स्वयंपाक करते. डॉक्टर म्हणाले, "बरा आलास धुडकू, तंबू चढवू या." मी दोरी हातात घेतली. एक खुंटी ठोकलीसुद्धा. दुसरी तशीच खाली ठेवली. मी म्हटले, "साहेब, तो उघडू नका. मी तो मिरचीच्या पथारीवर वाळवला आहे."

त्यांनी शिवी दिली असती तर बरे झाले असते. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारले, "कधी कळलं?" मी म्हटले, "दोन तारखेला." ते बोटांवर मोजत राहिले. चौदा दिवस. मग म्हणाले, "ब्राह्मणपुरीला मी तुला काय सांगितलं होतं?" मी म्हटले, "हाडासारखा कोरडा करायला." ते म्हणाले, "ते केलंस." आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी आठ माणसांनी कापड नाल्यात उतरवले. ओले कापड मेलेल्या म्हशीसारखे जड झाले होते. पाण्यावर लालसर तवंग आला तेव्हा खालच्या अंगाला पाणी भरणाऱ्या बायकांना थांबवावे लागले. फुलीबाई काठावरून ओरडली, "म्हाताऱ्या, तंबू धुतोस की नाल्याला फोडणी देतोस?" सगळे हसले. मीही हसलो, आणि कापड घासत राहिलो.

या वेळी जमिनीवर टाकले नाही. पुरुषभर उंचीचा बांबूचा मांडव केला आणि त्यावर वाळवले. वाळल्यावर कमानींवर चढवले, सगळे पडदे बंद केले, मी आत उताणा झोपलो आणि बाहेरून काठ्यांनी कापड झोडायला सांगितले. डोळे उघडे ठेवले. काही झाले नाही. मी आनंदाने बाहेर आलो. डॉक्टर म्हणाले, "तुझ्या डोळ्यांनी मला काय कळणार? डोंगरसिंग, तू झोप." डोंगरसिंग पन्नास आकडे म्हणायच्या आत बाहेर आला, दोन्ही डोळ्यांतून धारा. "काका," म्हणाला, "तुम्हना डोया शेतस का दगड?"

पुन्हा नाल्यात. पुन्हा मांडवावर. यात ते दोन दिवस गेले. शिवण तपासायची वेळ आली तेव्हा मी सवयीने गालाला लावायला गेलो आणि थांबलो. फुलीबाईला बोलावले, तिच्या गालाला लावली. ती म्हणाली, "गार आहे." मला ती कोरडी वाटत होती. आणखी एक दिवस ठेवली. रेवजी, अडतीस वर्षांत मी माझी शिवण दुसऱ्याच्या गालाला लावली नव्हती. मग डोंगरसिंग झोपला, फुलीबाई झोपली, आणि शेवटी डॉक्टर स्वतः झोपले. काठ्या मारल्या. डॉक्टर बाहेर आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आता चढवा."

मी खुंट्या घ्यायला वाकलो तर ते म्हणाले, "तू नाही. तू हात लावू नकोस. तुझ्या धोतरात मिरची आहे, पागोट्यात आहे, नखांत आहे. लांब बस." रागाने नाही म्हणाले. एखाद्या आजाऱ्याला सांगावे तसे म्हणाले.

म्हणून मी मोहाच्या झाडाखाली बसलो होतो. तुम्ही उतरलात ते मी पाहिले. तू काठीचे पुढचे टोक धरले होतेस, मागचे वहिनीने. खाली आल्यावर वहिनी म्हणाली, "दादा कुठे आहे?" ते मला ऐकू आले. ओ देता आली असती. ओ दिली असती तर ती माझ्याकडे आली असती, माझा हात हातात घेतला असता, आणि तोच हात मग डोळ्याकडे नेला असता. म्हणून मी तोंडावर पागोटे धरून गप्प राहिलो. सोमवारी वहिनीने तंबूच्या कापडावरून तळवा फिरवला, कापड नाकाशी नेले आणि मग आत गेली. तेवढे पाहून मी निघालो. तंबूच्या खुंट्यांची पिशवी आणि ट्रेलरची किल्ली डोंगरसिंगकडे दिली आहे. कापड कसे वाळवायचे ते त्याला सगळे सांगितले. काय करायचे नाही, ते त्याला सांगावे लागले नाही.

आता तू लिहितोस, पट्टीखाली चुरचुरले. दोन्ही वेळा कापड मी डोळ्यांत तेल घालून धुतले, पण खिडकीच्या पडद्याची दुमड होती, तिच्या आत पाणी गेले का? वरच्या कमानीला शिवलेली पट्टी, ती उलटवली होती का? कधी वाटते उलटवली, कधी वाटते नाही. दिवसातून दहादा ती माझ्या डोळ्यांपुढे येते आणि दर वेळी वेगळी दिसते. अनुसया म्हणते, "व्हई जे व्हवानं ते." तिने पथारीवर जाणे चार दिवसांपासून बंद केले आहे आणि घरातले सगळे कपडे रोज धुते. वास जातो का ते मात्र आम्हा दोघांना कळत नाही.

हे पत्र पोचेल तेव्हा पट्टी सुटलेली असेल. जे झाले असेल ते झालेले असेल. मला खरे कळव. आमशा गुरुजी भला माणूस आहे, माझ्या जिवाला लागू नये म्हणून चांगलेच लिहील. सरलाबाई तसेच करतील. आणि तू तर माझ्याशी कधी वाकडे बोलला नाहीस. म्हणून तुम्हा तिघांच्याही लिहिण्यावर मी विश्वास ठेवणार नाही, याचा राग मानू नकोस.

तू एक कर. पत्र लिहून झाले की कागदाचा खालचा भाग कोरा ठेव. वहिनीच्या हातात पेन्सिल दे आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक रेघ ओढायला सांग. तिचा हात धरू नकोस, कागद कुठे आहे तेही सांगू नकोस. वाकडी आली तरी चालेल. तिने जन्मात पेन्सिल धरलेली नाही, मला माहीत आहे. रेघ कागदाच्या आत राहिली तर मी समजेन. कागदाबाहेर गेली, किंवा कागद कोराच आला, तरी समजेन.

कसाही असो, कागद धाड. पोस्टमन आमच्या गल्लीत दुपारी येतो, मी सकाळपासून दारात असतो. उशीर करू नकोस रे. लवकर कळव.

तुझा
धुडकू